आबांचं दुसरं ऑपरेशन

४ सप्टेंबर १९७७, रविवार

आबांचे डोळे चांगले आहेत!

सकाळी मागल्या सोप्यात गेले तर आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि सुईत दोरा ओवत होते. पहिल्या खेपेला ओवला. मी दारातच थांबले. उन्हाळ्यापासून हा माणूस सगळ्या गावाला सांगतोय — दिसत न्हाई, पाकाचा रंग कळत न्हाई, औंदा गुऱ्हाळाला माझी आशा धरू नगा. नानासोंच्या गुऱ्हाळावर सत्तावीस हंगाम गुळव्या म्हणून रस उकळायच्या काहिलीपुढं उभा राहिलेला माणूस. पाक कधी उतरवायचा हे त्यांनी म्हटल्याशिवाय कुणी काहिलीला हात लावत नाही. आणि ते डोळे गेले म्हणून घरी बसलेत — आणि सुईत दोरा ओवतात?

जुन्या धोतराच्या जाड घड्या घालून कडा शिवत होते. मला बघितलं आणि सगळं मांडीखाली सारलं. "काय पायजे?" एवढ्या रागानं माझ्याशी कधी बोलले नव्हते.

आईला चुलीपुढं गाठलं. "बापाचं असलं लेकीनं इचारू न्हाई," म्हणाली. भाकरी थापत राहिली. मग तव्याकडं बघतच सगळं सांगितलं. फेब्रुवारीत सांगलीला प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तुंबलेली लघवी मोकळी झाली, नळी निघाली, आम्ही पेढे वाटले. तेव्हापासून लघवी थांबतच नाही. खोकलं, शिंकलं, वजन उचललं, नुसतं उठून उभं राहिलं की गळते. दिवसाला पाच-सहा घड्या भिजतात. आई त्या ओढ्याला, बायका धुणं घेऊन यायच्या आधी, धुऊन आणते.

सात महिने! एका घरात राहून मला पत्ता नाही. बी. ए. झालेली मी. हायस्कुलात पोरांना आरोग्याचा धडा शिकवणारी मी.

"डोळ्यांचं का सांगितलं मग?"

"दुसरं काय सांगायचं हुतं?" आई म्हणाली.

६ सप्टेंबर

आबा दिवसभरात दोन पेले पाणी पितात. त्यांना वाटतं पाणीच घातलं नाही तर गळणार कुठून. ओठ सुकलेत. मी तांब्या पुढं ठेवला तर तोच तांब्या तुळशीत रिकामा केला.

११ सप्टेंबर

आज बोललो. म्हणजे आबा आईशी बोलले आणि मी आईशी बोलले. आई मध्ये बसली होती, आबांची माझ्याकडे पाठ. कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं म्हणून जमलं.

मी म्हणाले, "आई, त्यांना सांग, हा आजार आहे. लाज नाही. यावर उपाय असणारच."

आबा म्हणाले, "तिला म्हणावं, ह्यो आजार न्हाई. मोटरीचा फूट-व्हॉल्व गेला की पाणी मागं सुटतंय. माझा फूट-व्हॉल्व कापताना गेला. डागदरचा दोष न्हाई. गाठ काढायची तर जवळचं कायतरी दुखावणारच."

किती बरोबर! मी तालुक्याच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात तीन पानं खर्ची घालून हेच सांगितलंय. लघवी धरून ठेवणारा स्नायू. त्याच्या शेजारची गाठ काढायची.

मी विचारलं, हे असं असताना गुऱ्हाळावर का जायचं नाही? घडी लावून जाता येईल.

 आबा आईलाच म्हणाले, "गूळ देवाला जातोय. गुऱ्हाळात कुणी पायताण घालून येत न्हाई. आन मी काहिलीपुढं भिजल्या धोतरानं हुबा राहू? तिला म्हणावं, लय शिकलीस. हे बी शीक."

१७ सप्टेंबर

सांगलीला जाऊन आलो. आबा यायला तयार नव्हते. मी एस.टी.ची दोन तिकिटं काढली तेव्हा मुकाट्यानं चढले. वाटभर उभे राहिले, बसले नाहीत. सीट भिजेल म्हणून.

ज्यांनी ऑपरेशन केलं तेच डॉक्टर. माणूस चांगला. रागावले आबांवर — "सात महिने कुठं होता?" म्हणाले, कित्येकांचं वर्षभरात आपोआप आवरतं, म्हणून वर्ष होईपर्यंत सुरी लावायची नाही. तोवर व्यायाम: लघवी आतून आखडून धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. दिवसातून पन्नास-साठ वेळा. कोरडं राहायला दोन सोयी आहेत. एक रबरी नळी आणि पायाला बांधायची पिशवी. दुसरा चिमटा, बाहेरून लावायचा. पाणी मात्र भरपूर प्यायचं, नाहीतर मूतखडे होतील.

आणि वर्षानंतरही गळत राहिलं तर? मुंबईचे एक मोठे डॉक्टर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सांगलीला येतात. ते यावर ऑपरेशन करतात. नवीन आहे. "पत्र टाका त्यांना," म्हणाले आणि पत्ता दिला.

परतताना आबा पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले. "पन्नास डाव?"

"साठसुद्धा चालेल."

"मग आत्तापासनंच सुरू केलंया," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मला हसूही येईना, रडूही.

२५ सप्टेंबर

मुंबईला पत्र लिहिलं. चार पानं, मराठीत, कारण मला माझं इंग्रजी पुरेसं वाटलं नाही. काही लपवलं नाही. किती वेळा, किती गळतं, कशानं जास्त, आबांचं वय एकसष्ट, काम काय, काहिलीपुढं किती तास उभं राहावं लागतं. मोठी माणसं कामात असतात, उत्तराचा त्रास नको म्हणून पाकिटात कोरं कार्ड घातलं, वर आमचा पत्ता माझ्या हातानं लिहून. सगळे असंच करतात, पण मला माझं कौतुक वाटलं!

१४ ऑक्टोबर

हे काय करून बसले मी.

कार्ड आलं. आमचा पोस्टमन ज्योतिबा गावातल्या निम्म्या लोकांना कार्डं वाचून दाखवतो, म्हणून उरलेल्यांची पण वाचतो. तो दुकानाच्या कट्ट्यावर बसला होता, दहा-बारा माणसं होती. मुंबईचं कार्ड, माझं नाव, त्याला वाटलं नोकरीचं असणार. मोठ्यानं वाचायला लागला. डॉक्टरांच्या कचेरीतल्या कुणीतरी अगदी स्वच्छ मराठीत लिहिलेलं: "आपले वडील श्री. हंबीरराव यांची लघवी शस्त्रक्रियेपासून थांबत नाही हे वाचून वाईट वाटले. दिवसास पाच-सहा वेळा वस्त्र भिजते, ते पाहता…"

ज्योतिबा शाळेत येऊन रडला. "ताई, लघवीचं आलं तवाच मला थांबाया पायजे हुतं. पर वाचता वाचता कसं थांबावं तेच कळंना. शेवटपतूर वाचलं."

शेवटपर्यंत.

पाकीट घालायला काय झालं होतं मला? चार पानं मनातलं लिहिणाऱ्या बाईला एवढं कळलं नाही की त्याचं उत्तर उघड्यावर येईल!

१७ ऑक्टोबर

आबा सोप्याच्या बाहेर येत नाहीत. माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. आईमार्फतसुद्धा बोलत नाहीत.

२० ऑक्टोबर

आज नानासो आले. अंगणातूनच ओरडत आले.

"हंबीरा! आरं डोळं चांगलं हायत व्हय तुझं?"

आबा आतच बसून.

"भाईर ये गड्या. चार म्हैनं झोप न्हाई मला. वाटलं हंबीराचं डोळं गेलं, आता ह्या गुळाचं कसं व्हायाचं. कोल्हापूरकडनं एक गुळव्या बोलावलाय, त्यो तंबाखूची पिंक टाकल्याबिगर पाकाकडं बगत न्हाई. आन तुझं डोळं ठणठणीत! ह्ये कार्ड आलं म्हणून कळलं, डोळ्याचं नुसतं निमित्त हुतं. न्हाईतर मेलो असतो मी!"

मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. सगळ्या गावात आमची इज्जत गेली म्हणून आम्ही सहा दिवस चूल नीट पेटवली नव्हती — आणि हा माणूस आनंदानं नाचत आला होता.

आबा बाहेर आले. खाली बघत म्हणाले, "नानासो, गूळ देवाला जातोय."

"जाऊ दे की. त्येला काय झालं?"

"मी असा."

"असा म्हंजी कसा? उसाच्या सरीत कोल्ही हिंडत्यात, उंदरं हायत, बैलं हायत. ती काय परसाकडं डबा घिऊन जात्यात व्हय रं? त्योच ऊस घाण्यात जातोय, आन तीन-तीन तास उकळतोय." आणि मग एकदम आवाज खाली आला नानासोंचा. "माझी आय शेवटाली तीन वर्सं हातरुणातच भिजत हुती. तुला ठावं हाय. तरीबी पयल्या ढेपंला हळद-कुकू तिनंच लावायचं. आन ती ढेप उचलून तिच्या हातरुणापतूर कोण नेत हुतं? सांग की. कोण नेत हुतं?"

 नानासो गेल्यावर आबांनी माझ्याकडे हात केला. पाण्याचा तांब्या मागितला. एका दमात प्यायले.

१९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. उद्या गुऱ्हाळ सुरू. सांगलीहून चिमटा आणलाय — दोन वाकड्या पट्ट्या, आतून स्पंज, टोकाला खाचा. जेवढं हवं तेवढं आवळायचं. दर दोन तासांनी सोडायचा, लघवी करून यायची, पुन्हा लावायचा. झोपताना कधीच नाही. डॉक्टरांनी तीनदा बजावलं. मी आबांना चौथ्यांदा बजावलं.

२४ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर गुऱ्हाळावर गेले. किती वर्षांनी! लहानपणी काकवी प्यायला जायची, तेव्हा आबांकडे कधी बघितलंच नव्हतं.

काहील उकळत होती. मळी काढून झाली होती, भेंडीचा रस घालून झाला होता. चुलवाणात जाळ घालणारा आबांच्या तोंडाकडे बघत उभा. कुणी बोलत नव्हतं. आबांनी गार पाण्यात हात बुडवला आणि त्याच हातानं उकळत्या पाकातून चिमूटभर उचलून पुन्हा पाण्यात धरला. गोळी वळली. काहिलीच्या कडेवर मारली, टण्! "अजून न्हाई." फेस तांबूस होत गेला, बुडबुडे मोठे, जड झाले. पुन्हा हात. पुन्हा गोळी. मला दोन्ही वेळा सारखाच आवाज वाटला. आबा म्हणाले, "उतरा!" आणि सहा माणसांनी काहील ओढली, सगळा पाक गार व्हायला वाफ्यात ओतला.

थोडं आधी उतरवलं असतं तर गूळ पातळ. थोडं उशिरा, तर करपून काळा. ती पाव घटका त्या माणसाला जागचं हलता येत नाही. आज मला कळलं, ऑपरेशन कशासाठी हवं ते. कोरडं धोतर मिळावं म्हणून नाही.

३ डिसेंबर

चिमटा पाच तास लावून ठेवला! एकामागून एक काहिली होत्या, सोडायला गेलेच नाहीत. सूज आलीय, कातडी फुटलीय. आईनं सांगितलं, मला सांगताना तोंडावर पदर धरला होता. चिमटा आठ दिवस बंद. पुन्हा घड्या. आबा म्हणतात, "काम तरी करावं, न्हाईतर चिमटा तरी सांभाळावा. दोनी जमत न्हाई."

तरीही रोज जातायत. नानासोंनी काहिलीजवळ पाण्याची घागर ठेवलीय. आबा अधूनमधून स्वतःच कमरेपासून खाली पाणी ओतून घेतात. सगळेच ओले, मग कोण कशानं ओलं हे कुणाला कळायचं? पण थंडी पडलीय. रोज खोकतात, आणि खोकलं की गळतं. असं किती दिवस चालणार?

१० डिसेंबर, शनिवार

मुंबईचे डॉक्टर भेटले.

वयस्कर, जाडसर, फार मऊ बोलणारे. आबांना उभं करून खोकायला लावलं. तपासलं. मग मला म्हणाले — इंग्रजीत — तुम्ही शिकलेल्या आहात, मी तुम्हाला सगळं सांगतो, तुम्ही वडिलांना त्यांच्या भाषेत सांगा. माझं मराठी भाजी घेण्यापुरतं आहे.

मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं! आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी एखाद्या मोठ्या माणसाच्या आणि आपल्या माणसाच्या मध्ये बसलं होतं, आणि ती मी होते.

ते सांगत गेले, मी आबांना सांगत गेले. पूर्वी आतल्याच दोन मांसल दोऱ्या एकमेकींवरून ओढून नळीखाली बांधत. त्यानं बऱ्याच वेळा पुरत नाही. आता सिलिकोन नावाच्या पदार्थाची मऊ उशी असते. लघवीच्या नळीखाली बसवायची, पट्ट्यांनी हाडाच्या बाजूला बांधायची. ती खालून सतत दाबत राहते.

"म्हंजी पाचर," आबा म्हणाले.

मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते इतके हसले की नर्स आत डोकावली. "एक्झॅक्टली," म्हणाले.

अमेरिकेत याहून नवीन निघालंय: नळीभोवती रबरी कडं, पोटात पाण्याची थैली, आणि दाबायला छोटा पंप. लघवी लागली की पंप दाबायचा, कडं सैल होतं. इकडं यायला अजून वर्षं लागतील.

"पंप बी?" आबा म्हणाले. "मग मोटर कवा बशीवत्यात, इचार." आबांनी चेष्टा केली! माझ्यासमोर, या विषयावर.

मग डॉक्टर गंभीर झाले. हे ऑपरेशन त्यांनी स्वतः सात जणांवर केलंय. बोटांवर मोजत सांगितलं. चार जण पूर्ण कोरडे. दोघांचं पुष्कळ कमी झालं, एखादी घडी पुरते. सातव्याला आत पू झाला. उशी काढावी लागली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. आता पूर्वीपेक्षा जास्त गळतं, जन्मभर पायाला पिशवी. हे पेशंटला माहीत असलंच पाहिजे, म्हणाले. मगच हो की नाही.

आबांनी विचारलं, "किती जनास्नी केलंय ह्येनी?"

मी म्हणाले, "चार जण अगदी कोरडे झाले, आबा. आणि दोघांचं फार कमी झालं."

आणि थांबले.

आबांनी डॉक्टरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना वाटलं, सगळं सांगून झालं. उशी परदेशातून यायची आहे, वर्षही पूर्ण व्हायचंय. तारीख ठरली: ११ फेब्रुवारी.

मी खोटं बोलले नाही. जे सांगितलं ते सगळं खरं होतं.

हे वाक्य मी चार वेळा लिहून बघितलं. चांगलं दिसत नाही.

१३ डिसेंबर

का केलं? कारण आबा घाबरले असते आणि नाही म्हणाले असते. कारण मला ऑपरेशन हवं आहे. सातात एकच तर होता. आबांची प्रकृती चांगली आहे. त्यांना कशाला होईल?

पण हे मी त्यांच्या वतीनं ठरवायचं होतं का? डॉक्टरांनी विश्वासानं माझ्या हातात दिलं, मी अर्धं खिशात घातलं. डोळ्यांचं खोटं बोलले म्हणून आबांचा मला केवढा राग आला होता! त्यांचं खोटं त्यांच्याच अंगावर होतं. माझं त्यांच्या अंगावर आहे.

२५ डिसेंबर

सांगायला गुऱ्हाळावर गेले. नानासो तिथंच. "मास्तरीणबाई आल्या! आता पाकाचं व्याकरण तपासा." सगळे हसले. परत आले.

१४ जानेवारी १९७८

संक्रांत. आबांनी स्वतः उतरवलेल्या गुळाचे लाडू. दुपारी ते एकटे ओट्यावर होते. मी जवळ बसले. म्हणाले, "आबा, मला तुम्हाला काही सांगायचंय. ऑपरेशनचं. चांगलं नाहीये ते."

त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला. "आज गोडच बोलायचं असतंय, बाई. उंद्या सांग."

दुसऱ्या दिवसासाठी धैर्य उरत नाही. ते त्याच क्षणापुरतं गोळा केलेलं असतं.

२९ जानेवारी

आई म्हणाली, "तू समजावून सांगितलंस म्हणून ते तयार झालं. माझं कवा ऐकलंय त्येंनी? तुज्यावर लय भरवसा हाय त्यास्नी."

ताट सारून उठले. आईला वाटलं, जेवण आवडलं नाही.

३१ जानेवारी

मुंबईच्या डॉक्टरांना लिहू का, तारीख पुढं ढकला म्हणून? पण कारण काय देऊ? कारण दिलं तर खरं सांगावं लागेल, आणि खरंच सांगायचं तर आबांनाच का नको. तीन कागद फाडले. पोस्टाची मला आता भीतीच वाटते.

४ फेब्रुवारी, शनिवार

आबा एकटेच सांगलीला गेले. ऐन हंगामात, काहील दुसऱ्याच्या भरवशावर सोडून! मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. संध्याकाळच्या गाडीनं आले. घडी भिजून धोतर ओलं झालं होतं, पण आल्याआल्या आत गेले नाहीत, ओट्यावरच बसले, चहा मागितला.

"कुठं गेला होतात?"

"माणूस भेटायचा हुता."

"कोण?"

"तुझ्या वळखीचा न्हाई."

आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं! रागाची नव्हती. मला ती नजर कळली नाही.

१० फेब्रुवारी

दवाखान्यात. आबांना खाट मिळाली, खिडकीजवळची. नानासोंनी ढेप पाठवलीय डॉक्टरांना. एवढी जड की आई आणि मी मिळून उचलली. मुंबईची गाडी सकाळी येईल. संमतीचा फॉर्म सकाळी भरायचा, नर्स म्हणाली.

उद्या सांगणार. फॉर्मवर आबांची सही व्हायच्या आत. नाही म्हणाले तर सगळे घरी जाऊ, आणि मी जन्मभर त्यांच्या घड्या धुईन. हे मी शप्पथ घेऊन लिहितेय.

११ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. चहा घेऊन आले तेव्हा नर्सनं दुमडलेला फॉर्म माझ्या हातात दिला आणि मी तो धरूनच सांगितलं — सातवा माणूस होता, आबा. त्याचं बिघडलं. मी लपवलं.

"ठावं हाय," आबा म्हणाले. "डागदरनं सात बोटं दावली, तू सा माणसं सांगितलीस. मला एवढं मोजाया येतंय. मग हितल्या डागदरास्नी इचारलं. त्येंनी त्या माणसाची परवानगी घिऊन पत्त्या दिला. आकाराम नाव त्येचं. माधवनगरला मिलमधी हाय. पिशवी बांधून आठ तास हुबा ऱ्हातोय. मला च्या पाजला, समदं दावलं, समदं सांगितलं. लय दुखलं म्हणाला. पर हसत हुता." माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वाईटात वाईट काय हुतंय ते बगून आलोय, बाई. आता कर म्हणावं."

मी फॉर्म उलगडून बघितला. आबांनी सही आधीच केलेली होती.